यंदा तुरीचं राज्य

मी खोटं बोलत नाही. यात फुशारकी नाही, नेम आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अकोल्याला माहेरी मोठ्या दुखण्यातून उठले तेव्हा तो घेतला, आणि अजून पाळते आहे. नेम माझे पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांत अडकलेले आहेत. पहाटे आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालीपर्यंत बोलायचं नाही. तुळशीला पाणी घालायच्या आधी पाखरांना मूठभर दाणे टाकायचे. तेही डोळे मिटून, कारण डोळे उघडे असले की हात आवडत्या चिमणीकडे वळतो, आणि दान असं तोंड पाहून करू नये. टाकल्यावर मागे वळून बघायचं नाही. आमचे हे, महादेवराव, अमरावतीच्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. ते म्हणत, "तुझे नेम सांभाळाले एक जादा कारकून लागते." म्हणोत बापडे.

एकोणीसशे एकोणसाठच्या अक्षय्य तृतीयेला या मुठीनं, या मिटल्या डोळ्यांनी आणि या मौनानं मिळून एका गावाची जी गंमत केली, ती सांगते.

गाव म्हणजे माझं सासर, तिवशापासून तीन कोस आत. आम्ही राहायला अमरावतीत, राजापेठेत, पण पितरांची घागर भरायला मी दरसाल गावी जाई. त्या वर्षी यांना रजा मिळाली नाही, म्हणून एकटीच गेले. मोटार तिवशाला उशिरा पोचली, पुढे बैलगाडी, त्यामुळे घरी पाय ठेवला तेव्हा दिवे लागले होते आणि पुरुषमंडळींची मांडणी आटोपली होती.

मांडणी हा त्या गावचा रिवाज. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात जमीन सारवून मधोमध पाण्याची घागर ठेवायची, भोवती बारा धान्यांच्या बारा ढिगुल्या करायच्या, आणि रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. सकाळी गावासमोर वाचन. ढिगुली जशीच्या तशी राहिली तर पीक बेताचं. दाणे बाहेर फाकले तर भरभराट. घागरीकडे सरकले तर नुकसान. मांडणारे आणि वाचणारे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, खुशालराव. त्यांच्या आधी त्यांचे वडील, आजे आणि पणजे. बायकांनी मांडणीकडे जायचं नाही, म्हणून चौदा वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. ती पूर्वेच्या वावरात असते एवढंच ठाऊक होतं.

आणखी एक सांगून ठेवते. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. चौदा वर्षं मी खुशालरावांच्या घरी जात-येत होते, त्यांच्या हातचे आंबे खाल्ले होते, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना आंघोळ केली आणि दाण्यांची पिशवी घेऊन गोठ्यामागे गेले. घरची कोठी झाडून तळाला उरलेलं मी पाखरांसाठी आणलं होतं: तांदळाची कणी, थोडी ज्वारी, बारीक किडकी तूर. गोठ्यामागे छातीइतकं काट्यांचं कुंपण होतं. त्यावरून मूठ भिरकावली. मग वाटलं, आज मोठा सण झाला, पाखरांनाही दोन घास जास्त. आणखी तीन मुठी भिरकावल्या. डोळे मिटलेले. वळले तेव्हा पलीकडच्या बांधावरून धर्मपाल मास्तरांनी हाक दिली, "वयनी, केव्हा आल्या?" हे गावच्या शाळेतले मास्तर, त्यांची पाच एकर आमच्या वावराला लागून. बोलता येईना, म्हणून मी हात जोडले आणि घरात आले.

तासाभरानं मागच्या बाजूनं माणसांचा गलबला ऐकू आला. मी पोळ्या लाटत होते. माझ्या जाऊबाई, म्हणजे खुशालरावांच्या बायको दुर्गाबाई, डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी घेऊन धापा टाकत आल्या. घागरी उतरवायचंही भान नव्हतं.

"सुंदरा, कधी झालं नाई ते झालं. तूर सगळ्याईच्या घरात शिरली."

"कोणाची तूर?"

"मांडनीतली. ज्वारीत तूर, तिळात तूर, मुगात तूर. बाराच्या बारा ढिगुल्यात. अन् सरकी समदी घागरीकडं सरकली. कपाशीचं वाटोळं अन् तुरीचं राज्य, असं वाचलं त्याईनं. पनज्याच्या वक्ताले एकदा असं झालं म्हनतात."

"पूर्वेच्या वावरात?"

"तिथं कुठं. तिथं नवी हीर खोदून राहिले न. यंदा मांडनी गोठ्यामागं होती."

माझी पोळी तव्यावर करपली. मी ती तशीच करपू दिली. मग जाऊबाईंना सगळं सांगितलं: पिशवी, कुंपण, चार मुठी. त्या ऐकता ऐकता आधी गंभीर झाल्या, मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, आणि मग डोक्यावरच्या घागरींसकट खाली उखळावर बसल्या. पाणी अंगावर सांडलं तरी हसणं थांबेना.

"चिमन्याईनं कनी खाल्ली," त्या कशाबशा म्हणाल्या, "ज्वारी खाल्ली, अन् तूर त्याईच्या चोचीत मावली नाई. तेच राज्य."

मलाही हसू आलं. पण ते पुरतं बाहेर येईना, कारण पुढचं दिसत होतं. जाऊबाईंनीच सांगितलं, पारावर गावानं ठरवलं होतं, यंदा कपाशी नाही, अख्खं गाव तूर पेरणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बियाण्यासाठी गाड्या निघायच्या होत्या. गावातल्या उत्तमरावांचं बारा एकर नाल्याकाठी. तिथं पावसाचं पाणी साचतं आणि साचल्या पाण्यात तूर उबळते, उभी वाळून जाते. हे मला, राजापेठेत राहणारीला, ठाऊक. आणि तेच उत्तमराव पारावर बसून म्हणत होते की देवानं सांगितलं तर बाराच्या बारा एकर तूर.

"तू गप राह्य," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चार पिढ्याचं नाव हाय. तुले कोनी इचारलं तं नाई न?"

कोणी विचारलं नव्हतं हे खरं. न विचारलेलं न सांगणं खोट्यात धरायचं की नाही, याचा मी आणखी दोन पोळ्या करपेपर्यंत विचार केला. मग नाल्याकाठचं पाणी डोळ्यांसमोर आलं आणि विचार संपला.

"बाई, तुम्हीच भासऱ्यांना सांगा. मला बोलता येत नाही."

त्या पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर गेल्या आणि तोंडात पदर कोंबून परत आल्या. "त्याईचं तोंड पाहिलं की मले चिमन्याच दिसतात." दुसऱ्यांदा सुपारी घेऊन गेल्या. "तूर" एवढा एक शब्द झाला आणि खांबाला धरून खाली बसल्या. खुशालराव विचारताना ऐकू आले, "हिले काय झालं? ऊन लागलं काय?" तिसऱ्यांदा जायला त्यांनी साफ नकार दिला.

ओसरीसमोर अंगणात गाय बांधलेली होती, कपिली. मी डोक्यावरून पदर ओढला, दाराआड उभी राहिले आणि गायीशी बोलले.

"कपिले, मालकांना सांग, मांडणीत तूर मी टाकली. पाखरांसाठी. मांडणी तिथं आहे हे मला ठाऊक नव्हतं."

कपिलीनं कान हलवला. मग खुशालराव खाकरले, आणि तेही गायीलाच म्हणाले, "कपिले, इचार तिले, किती मुठी?"

"चार. एक नेमाची, तीन सणाच्या."

"तूर कुठची?"

"अमरावतीची. कोठीच्या तळातली. किडकी होती."

फटीतून पाहिलं तर त्यांनी बंडीच्या खिशातून काहीतरी काढून तळव्यावर घेतलं होतं आणि ते उन्हाकडे धरून निरखत होते. वाचनाच्या वेळी प्रत्येक ढिगुलीतला एक दाणा ते उचलून ठेवत.

"भोक हाय," ते गायीला म्हणाले. "सक्काळपासून इचार करून राहिलो, देवाची तूर अन् तिले कीड कशी."

जाऊबाई माझ्यामागे भिंतीला तोंड लावून हसत होत्या. मला वाटलं, सुटले. पण खुशालराव साधे नव्हते. मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "कपिले, हिले असं इचार. वारा आला, दाना हालला, तं आमी म्हनतो देवानं हालवला. मुंगी आली, तिनं नेला, तं म्हनतो देवानं नेला. मंग हिचा हात आला, तं तो देवाचा काहून नाई?"

हा प्रश्न मला आवडला. खरं सांगते, क्षणभर मोहही पडला. आपला हात देवाचा, हे ऐकायला कोणाला वाईट वाटतं? पण मूठ माझी होती आणि त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे मला माहीत होतं.

"कपिले, वाऱ्याच्या मनातलं मालकांना कळत नाही, मुंगीच्याही नाही. म्हणून तिथं देव म्हणता येतं. माझ्या मनातलं मला कळतं. माझ्या मनात चिमण्या होत्या. तूर पिशवीत होती कारण ती आम्हाला खाववेना. माझा देवावर भरवसा आहे, सगळं त्याच्यावर सोपवते. पण भरवसा ठेवला म्हणून तुरीचं भोक बुजत नाही."

खुशालराव उठले, पागोटं घातलं. "कपिले, मी पारावर जातो," म्हणाले. आणि जाता जाता, "मले हलकं वाटून राहिलं अन् जड बी."

आम्ही दोघी देवळाच्या बाजूनं गेलो आणि बायकांत उभ्या राहिलो. खुशालरावांनी काही लपवलं नाही. मांडणी बाटली, सुनेनं पाखरांना दाणे टाकले, भाकीत खोटं. एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं गाव चिडेल. गाव चिडलं नाही. गावानं विश्वासच ठेवला नाही.

"बरोबर हाय," उत्तमराव डोळा बारीक करून म्हणाले. "आमी समदे कपाशी पेराव अन् खुशालराव एकलाच तूर. मंग तुरीचा भाव याच्या एकट्याले."

"असं नाई, बाप्पा. खरंच सांगतो."

"सक्काळी बी खरंच सांगत होते."

यावर पार हसला. म्हाताऱ्या पार्बताबाई काठी टेकत पुढे आल्या. "तिच्या हाती देवानंच देल्ली तूर. सून पुन्यवान हाय. दुसरीच्या हातून असं झालं नसतं." आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी दृष्ट काढली. मी खरं बोलले होते, आणि त्यामुळे माझी पुण्याई वाढली होती, आणि त्यामुळे माझं खरं कोणाला खरं वाटत नव्हतं.

मग धर्मपाल मास्तर उठले. "मी पाहिलं," ते शांतपणे म्हणाले. "पहाटे बांधावर होतो. वयनींनी चार मुठी टाकल्या."

"मंग सक्काळी काहून नाई बोलला, मास्तर?" कोणीतरी विचारलं.

तीन वर्षांमागे मास्तरांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता, आणि तेव्हापासून पारावर ते कमी बोलत. "मी बोललो असतो तं तुमी म्हनले असते, यानं देव सोडले म्हनून हा असं बोलते. वयनी बोलल्या तं कबुली होते, मी बोललो तं भांडन होते. चार मुठी त्या चारच."

पारावरच्यांनी माना खाली घातल्या. मलाही खाली बघावंसं वाटलं, कारण ते खरं होतं. मग मास्तरच हसले. "आता बी मानू नका. करून पाहा. दाने हायत, चिमन्या हायत, वयनी हायत."

"मांडनी दोनदा मांडत नाई," खुशालराव म्हणाले.

"मांडनी म्हनू नका. चिमन्याईची पंगत म्हना."

पंगत म्हटल्यावर कोणाची हरकत राहिली नाही. ऊन कललं होतं, चिमण्या चरायला उतरायची वेळ. देवळासमोर बारा ढिगुल्या केल्या. घागर कोणाच्या तरी घरची फुटकी मिळाली. मी घरून पिशवी आणली, डोळे मिटले आणि अख्ख्या गावासमोर चार मुठी भिरकावल्या. एक मूठ उत्तमरावांच्या पागोट्यावर पडली. मग सगळे मागे सरले आणि गप्प बसून राहिले. म्हातारे, पोरं, कुत्री, सगळी चिमण्यांकडे टक लावून, मी तेवढी नेमानं पाठ फिरवून. जाऊबाई कानात सांगत गेल्या तसं, त्या आल्या, भांडल्या, सरकी पायांनी उडवली, कणी टिपली, ज्वारी टिपली, आणि गेल्या.

खुशालराव वाकले. ज्वारीत तूर, तिळात तूर, बाराच्या बारा ढिगुल्यात तूर. सरकी घागरीला चिकटलेली. मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे. झालं, सिद्ध झालं, असं आम्हाला वाटलं.

"पाहा," पार्बताबाई म्हणाल्या, "देवानं दोनदा सांगतलं."

"दोनदा," उत्तमराव म्हणाले. त्यांच्या पागोट्यातून एक तूर घरंगळून खाली पडली, तीही त्यांनी कपाळाला लावली. "आता तं माह्या मनात शंका नाई."

खुशालरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मास्तर खडूनं फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत बोट फिरवून थांबले. आणि मला, देवाशपथ, पोटातून हसू फुटायला लागलं.

या गोंधळात जाऊबाई कुठं गेल्या कळलं नाही. परत आल्या त्या पदराखाली सूप घेऊन. माझ्या कानाशी म्हणाल्या, "डोये मीट. तुले नेम हाय न? मी देते ते टाक." मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या ओंजळीत काहीतरी ओतलं, जड लागलं. मी भिरकावलं. आणखी तीनदा. चिमण्या आता सरावल्या होत्या, लगेच उतरल्या. आजूबाजूला आधी कुजबूज, मग पोरांच्या किंकाळ्या, मग अख्खं गाव खदखदताना ऐकू आलं, तेव्हा मी नेम बाजूला ठेवून डोळे उघडले आणि मागे वळून पाहिलंही.

सुपातली कणी चिमण्यांनी संपवली होती. बाराच्या बारा ढिगुल्यांत, काळे, चकचकीत, चिंचोके होते.

खुशालराव सरळ उभे राहिले. सकाळी वाचनाला लावतात तो आवाज त्यांनी लावला. "यंदा चिंचोक्याचं राज्य."

उत्तमराव बराच वेळ त्या चिंचोक्यांकडे बघत राहिले. "मंग," ते हळू म्हणाले, "चिंचोके पेराचे?" आणि पहिल्यांदा त्यांचंच पोट हलायला लागलं. ते हसले तसे सगळे सुटले. पार्बताबाईंना ठसका लागला, जाऊबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता स्वतःच जमिनीवर बसल्या. मी पदर तोंडात धरला होता तो केव्हा सुटला मला कळलं नाही. मी, जिचा आवाज शेजारघरी कधी गेला नाही, ती चारचौघांत मोठ्यानं हसत होते, आणि समोर भासरे उभे होते, तेही हसत होते.

हसू ओसरल्यावर मात्र एक विचित्र पोकळी झाली. सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं.

"मंग पेराचं काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुह्या नाल्याकाठी तूर येते काय?"

"नाई येत. तीन सालात दोनदा उबळते."

"हे केव्हापासून माहीत हाय तुले?"

"बापाच्या वक्तापासून."

"मंग मले काहून इचारतं, उत्तम?"

उत्तमरावांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "इचारलं की बरं वाटते," ते म्हणाले. "एकट्यानं ठरवाचं म्हनलं की रातभर झोप नाई येत."

खुशालराव त्यांच्याजवळ जाऊन मातीत बसले. "मले बी नाई येत. चाळीस वर्सं झाले. कोनाचं बुडलं की माह्याच मानेवर." मग मास्तर बसले. मग बाकीचे. कोणाचं वावर चढाचं, कोणाचं खोलगट, कोणाच्या मातीत चुनखडी, कोणाची गेल्या साली कपाशी कशी झाली, दिवे लागेस्तोवर नुसतं तेच चाललं. भांडणंही झाली, पण ती मातीवरून होती. आम्ही बायकांनी ढिगुल्या गोळा केल्या. बारा धान्यं इतकी एकमेकांत मिसळली होती की वेगळी करता येईनात. पार्बताबाईंनी ती दळायला नेली. देवावरचा कोणाचा भरवसा त्या दिवशी तसूभरही कमी झालेला मला दिसला नाही. माझा तर नाहीच. पुढच्या सालीही मांडणी झाली म्हणतात, फक्त वाचनानंतर खुशालराव प्रत्येकाला एकदा त्याचं वावर विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गाड्या निघाल्या. मी तुळशीला पाणी घालून तिथंच उभी होते. उत्तमरावांनी आमच्या दारासमोर बैल थांबवले.

"सुंदराबाई, सरकी आनाले चाललो. चढावर थोडी तूर. देवाले सांगजा."

"काय सांगू?"

त्यांनी वर पाहिलं. वैशाखाचं आभाळ, ढगाचा ठिपका नाही.

"बाकीचं मी पायतो," ते म्हणाले. "पान्याचं तेवढं माह्या हातात नाई."

मी हात जोडले, आणि देवाला तेवढंच सांगितलं.